संध्याकाळच्या कानडीवर पडलेली खरखर

आई माझ्याशी शेवटचं धड मराठीत काय बोलली, ते मला आठवत नाही. ते शेवटचं आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर लक्ष देऊन ऐकलं असतं. सुरुवात भाज्यांपासून झाली. वांग्याला ती बदनेकाई म्हणायला लागली आणि मला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. मग वार गेले, मग नाती गेली, आणि सगळ्यात शेवटी माझ्यावर रागवायचे शब्द गेले. ते गेले तेव्हा मात्र मी घाबरले. आमच्या घरात रागावणं बंद होणं हे काही बरं लक्षण नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या या आजारात काहींचं असं होतं, मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. आईचं माहेर उदगीरच्या पुढं, सीमेपलीकडं. लातूरला लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी थोडीफार कळायची, बोलता यायची नाही. आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, आल्या आल्या हुकूम काढला की घरात कानडी चालणार नाही, लेकरांच्या जिभा वाकड्या होतील. तेव्हा लेकरांचा पत्ताही नव्हता. पुढं मी झाले, माझा भाऊ झाला, आणि आईनं आम्हा दोघांना मराठीतच जोजवलं, मराठीतच बडवलं. फक्त तांदूळ मापताना ती कानडीत मोजायची. ओंदु, एरडु, मूरु. तिच्या भाषेतलं आमच्या वाट्याला आलं ते एवढंच. आजीला जाऊन जमाना झाला, पण हल्ली मला तिचा फार राग येतो. फोटो पुसताना मी तिच्याशी भांडते.

नांदेडला मी नोकरीसाठी आले आणि इथलीच झाले. कॉलेजात भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, नुकतीच रिटायर झाले. वडील गेल्यावर आई माझ्याकडं राहायला आली. रिटायर होताना मनात होतं, आता आईशी निवांत बोलू, इतकी वर्षं पेपर तपासण्यात गेली. तर नेमकं त्याच सुमाराला तिचं बोलणं माझ्या हातून निसटलं. ती बोलायची, मला कळायचं नाही. मी बोलायची, ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. पाणी, जेवण, गोळ्या हे हातवाऱ्यांनी निभायचं. बाकीचं कशानंच निभत नव्हतं, आणि माणसाला बाकीचंच जास्त लागतं हे मला त्या वर्षी कळलं.

मी काही हातावर हात धरून बसले नाही. फोनवरचे धडे लावून कानडी शिकायला घेतली. धड्यातली बाई बेंगळुरूकडची, फार शुद्ध बोलणारी. तिचं एक वाक्य दिवसभर घोकून मी संध्याकाळी आईसमोर म्हटलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी बँकेतून केवायसीसाठी आले आहे. माहेरच्या माणसांचा विचार केला, तर मामा-मामी गेलेले, पोरं हैदराबादला पांगलेली. एक मामेभाऊ दिवाळीला फोन करायचा. तेव्हा आई फोन कानाशी घट्ट धरायची, तो चार गोष्टी विचारायचा, ही चाळीस सांगायची. दिवाळी वर्षातून एकदाच येते.

राहता राहिला रेडिओ.

तो तिचाच होता, लातूरहून पिशवीत घालून आणलेला, सेलवर चालणारा. सीमेपलीकडचं कानडी केंद्र त्यावर मीडियम वेव्हला लागायचं. दिवसा त्याचा मागमूस नसायचा. उजेड कमी व्हायला लागला की आवाज हळूहळू वर यायचा आणि सातच्या सुमाराला चांगला ऐकू यायचा. भूगोलाची बाई असल्यामुळं वातावरणाचे थर आणि सूर्यास्त वगैरे मला सांगता येतं, पण आईला त्याची गरज नव्हती. तिच्या लेखी माणसं दिवसा शेतात असतात आणि दिवेलागणीला घरी येतात.

तिच्या माहेरी एक रीत होती. गावात पहिला रेडिओ तिच्या वडिलांनी आणला. रेडिओवरचा माणूस नमस्कार म्हणाला की ते हात जोडून उलट नमस्कार करायचे आणि या, बसा म्हणायचे. आपल्या घरात येऊन कुणी नमस्कार करावा आणि आपण तोंड फिरवून बसावं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी तसंच करायचं, लहान पोरांनीसुद्धा. आई ती रीत सासरी घेऊन आली. लातूरच्या स्वयंपाकघरात, सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ती रेडिओला पुटपुटत उत्तर द्यायची. वडील चिडवायचे, "अगं, चहाचं पण विचार की त्याला." ती विचारायचीही.

नांदेडला सासू नव्हती. रोज सातला मी रेडिओ तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवायची, काटा जागेवर आणायची, आणि तिकडून नमस्कार आला की आई पदर सावरून खणखणीत उत्तर द्यायची. मग अर्धा तास नुसती जुंपायची. तो शेतीचं काही सांगायचा, ही मान हलवायची, मध्येच त्याला अडवायची, भाव ऐकून कपाळाला हात लावायची, गाणं लागलं की गुणगुणायची. मी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायची. मला शब्द कळायचा नाही, तरी मी त्या अर्ध्या तासाची दिवसभर वाट बघायची, कारण तेवढा वेळ आई होती तशी असायची. भांडखोर, हसरी, सगळ्यात नाक खुपसणारी. खरं सांगायचं तर मला त्या निवेदकाचा हेवा वाटायचा. न बघितलेला माणूस माझ्या आईशी रोज बोलतो, आणि मी समोर बसून चहा पिते.

आणि एका संध्याकाळी तिथं खरखर लागली.

ढग असले की रेडिओ तडतडतो, ते आम्हाला माहीत होतं. हे तसलं नव्हतं. हे सलग होतं, जाड, न थांबणारं, रिकामी गिरणी चालू ठेवल्यासारखं. काटा जरा अलीकडं घेतला की आपलं नेहमीचं मराठी केंद्र सुरळीत चालू. पलीकडं नेला की सूं सूं. कानडीच्या बरोबर जागेवर मात्र ती खरखर ठाण मांडून बसलेली. तिच्या खाली कुठंतरी माणूस बोलतोय असं वाटायचं, पण शब्द हाती लागायचा नाही. आई हात अर्धे जोडून बसली होती. नमस्कार येईना म्हणून ते तसेच राहिले. मग तिनं ते मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. मी त्या माणसाला दारातून हाकलून दिलं असावं, अशा नजरेनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सेल बदलले. तिसऱ्या दिवशी रेडिओ दुरुस्तीला नेला. दुकानदारानं उघडून, फुंकर मारून परत दिला. "ठणठणीत हाय मॅडम, काईच झालं न्हाई त्याला." मग माझा संशय खालच्या मजल्यावर गेला. खालच्या बाईंनी नुकतेच घरभर एलईडी दिवे लावले होते, माळा वेगळ्याच. दिव्यांमुळं रेडिओत खरखर येते, असं मी कुठंतरी वाचलं होतं. अर्धवट ज्ञान आणि माझा स्वभाव एकत्र आले की काय होतं ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा. मी तडक खाली गेले आणि दारातच सुरू झाले.

त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हाव मॅडम, बंद करते की. पर माझा बल्ब तुमच्या रेडिओत कसा काय वरडून राहिला?"

"तुम्ही आधी बंद करा."

मी वर आले, त्यांनी दिवे घालवले. खरखर तशीच. त्यांनी फ्रिज घालवला, चार्जर उपटले, शेवटी मेन स्विचच पाडला आणि अंधारात जिन्यावर उभ्या राहून वर ओरडल्या, "गेली का हो?" वरून मी म्हटलं, "नाही." मग त्या अंधारातच वर आल्या, आईच्या पलंगावर टेकल्या, आणि थोडा वेळ माझ्यासारख्याच त्या खोक्याकडं बघत बसल्या. जाताना म्हणाल्या, "लई वाईट वाटतंय बघा म्हातारीचं." मी माफी मागितली. त्यांनी काही मनावर घेतलं नव्हतं, ते त्यांचं मोठेपण.

उलगडा केला तो आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांनी. तेही रिटायर, दोन गल्ल्या सोडून राहतात. संध्याकाळी आले, काटा मागंपुढं केला, कान लावला, आणि वर्गात उभं राहिल्यासारखं सांगायला लागले. जवळच्या एका केंद्रानं डिजिटल प्रसारण सुरू केलं आहे. त्यांचा जुना कार्यक्रम जुन्या जागी आहेच, आणि डिजिटल त्याच्या लगतच्या जागेवर टाकलं आहे. त्या खरखरीत खरं तर गाणी आहेत, बातम्या आहेत, अगदी स्वच्छ. पण ती उलगडायला नवा रेडिओ लागतो. जुन्याला ती नुसती खरखरच ऐकू येते. आणि आमचं कानडी लांबून येणारं, दुबळं, नेमकं त्याच जागेवर बसलेलं.

"म्हणजे नवा रेडिओ घेतला की झालं," मी म्हटलं.

"नव्यावर ते जवळचं केंद्र स्वच्छ लागेल. तुमचं कानडी नाही लागणार. ते जुन्याच पद्धतीचं आहे, ते खालीच राहणार."

"कुणाला विचारून केलं हे?"

"मला का रागावताय मॅडम?"

"कुणावर तरी रागवायला पाहिजे ना सर."

ते हसले आणि म्हणाले, प्रगती म्हटलं की हे होणारच. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रगती व्हायला पाहिजे, नवं आलं की जुन्याला सरकावं लागतं, हे मीच वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं होतं. फक्त त्या सरकलेल्या जागेत माझी आई बसली होती. नांदेड शहरात त्या वेळेला, त्या जागेवर काटा लावून कानडी ऐकणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही. एवढ्या मोठ्या शहरात ज्या गोष्टीचा त्रास फक्त आपल्यालाच होतो, ती सांगायला गेलं की माणूस येडा ठरतो. मी कुठं तक्रार केली नाही.  सातला आई पदर सावरायची, रेडिओकडं बघायची, आणि मी तो बंद करायची. काही दिवसांनी तिनं पदर सावरणं सोडलं. जेवण कमी झालं. दिवसचे दिवस घरात माणसाचा आवाज म्हणून नसायचा. मी मुद्दाम भांडी आपटायला लागले.

भावाला फोन केला तेव्हा तो लातूरहून म्हणाला, "ताई, रेडिओचं काय घेऊन बसलीस? आजकाल सगळी केंद्रं फोनवर लागतात. मी रविवारी येतो, ॲप टाकून देतो." रविवारी तो आला. माणूस मायेचा आहे, फक्त घाईत असतो. त्यानं ॲप टाकलं, ते कानडी केंद्र शोधून काढलं, आणि सातला निवेदकाचा आवाज खोलीत असा आला की मी दचकले. इतका स्वच्छ मी तो कधी ऐकलाच नव्हता. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. भाऊ खुशीत आला आणि त्यानं फोन आईच्या हातात दिला.

आईनं तो कानाला लावला.

तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, माहेरचा फोन आला. तिनं नमस्कार केला आणि बोलायला सुरुवात केली. ती बोलत गेली, मग थांबली, तिनं काहीतरी विचारलं आणि वाट बघितली. तिकडचा माणूस त्याचं त्याचं सांगत होता. तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तो सांगतच राहिला. रेडिओवरच्या पाहुण्यानं उत्तर दिलं नाही तर तिचं काही बिघडत नसे, तो बोलायला आलेला असायचा आणि ती ऐकवायला बसलेली असायची. पण फोनवरचं माणूस विचारलेल्याला उत्तर देतं. हा देत नव्हता. तिच्या गावाकडच्या बोलीत बोलतोय, आपला आहे, आणि तिला ओळख दाखवत नाही. फोन कानाशी तसाच धरून ती रडायला लागली. भावानं तो काढून घेतला तेव्हा "इल्ल, इल्ल" एवढंच म्हणत राहिली. नाही, नाही. तेवढं मला कळत होतं.

भाऊ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "निघतो ताई, लातूर गाठायचंय." जिना उतरताना त्यानं वळून बघितलं नाही. मला त्याचा राग आला नाही, उलट जवळ घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी शक्कल लढवली. फोन रेडिओच्या मागं लपवला आणि सातला तोच आवाज लावला. आईनं क्षणभर ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं. नमस्कार झाला, तिनं हात जोडले नाहीत. हा तोच, काल विचारलं तर न बोललेला. तिच्या वडिलांची रीत तिनं माझ्यासमोर पहिल्यांदा मोडली. मी ॲप काढून टाकलं.

मग उरली खरखर आणि सरांनी जाता जाता सांगितलेली एक गोष्ट. रेडिओच्या पोटात तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते. त्या कांडीचं टोक ज्या केंद्राकडं होईल, त्या केंद्राचा आवाज पडतो. म्हणजे रेडिओ वळवत राहायचा, खरखर पडेपर्यंत. मी टेबलावर वळवून बघितला, खिडकीत ठेवून बघितला, स्टुलावर आडवा करून बघितला. भिंतीतल्या सळया, खिडकीची जाळी, काय काय आड येत होतं कोण जाणे. एका संध्याकाळी वैतागून मी तो टेबलावरून उचलला, पोटाशी धरला आणि स्वयंपाकघराकडं निघाले, आणि खोलीच्या मधोमध खरखर एकदम खाली बसली.

मी जागच्या जागी थांबले. जरा वळले तर परत आली. पुन्हा तशीच तिरकी झाले, खिडकीकडं पाठ, रेडिओ छातीशी, एक कोपर वर. खरखरीच्या आडून तो जुना बारीक आवाज आला. हात सैल केला की तो जायचा, आवळला की यायचा. गाणं संपत होतं. मग निवेदक नमस्कार म्हणाला.

आईनं मान वर केली. तिनं रेडिओकडं बघितलं नाही, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. हात जोडले. "बर्री," ती म्हणाली. या. आणि पलंगावर सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली.

मला बसता येईना. बसले असते तर आवाज गेला असता. मी मानेनंच नको म्हटलं. ती काहीबाही बोलायला लागली, हसायला लागली, हातानं मापं दाखवायला लागली. निवेदक बोलत होता, पण ती माझ्याशी बोलत होती, माझ्या डोळ्यांत बघून. किती महिन्यांनी. तिनं विचारलं, "ऊटा आतेन?" जेवलीस का. हे कळलं. मी मान हलवून नाही म्हटलं, कारण खरंच जेवले नव्हते. तिनं चुकचुक केलं. माझा कोपर भरून आला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ती बोलतेय ना, बोलू दे, एवढंच मनात होतं.

मग तिनं मला नीट न्याहाळलं, पाहुण्या बाईला न्याहाळतात तसं, आणि विचारलं, "नी यार मगळु?"

तू कुणाची मुलगी. धड्यातल्या बाईनं नात्यांचे शब्द पहिल्या आठवड्यातच शिकवले होते. मी म्हटलं, "निम्म मगळु." तुमची.

आई खळखळून हसली. कुणी चारचौघांत तोंडदेखलं गोड बोललं की हसतात, तसं. तिनं हातानं ते उडवून लावलं आणि दाराकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. लांबलचक सांगितलं. त्यातले तीन शब्द मला लागले. नन्न मगळु, माझी मुलगी. आणि बरताळ. येईल.

ती पुन्हा दाराकडं बघत बसली. मीही वळून तिकडं बघितलं, रेडिओ न हलवता.